यहेज्केलच्या दर्शनातील गुप्त उपासना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

हिब्रू संदेष्ट्यांच्या वाङ्मयात मूर्तिपूजेचा निषेध वारंवार आढळतो. तथापि पापाच्या गुप्ततेचा प्रश्न यहेज्केलच्या ग्रंथातील आठव्या अध्यायाइतक्या ठळकपणे क्वचितच मांडला गेला आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने यरुशलेम जिंकून राजा यहोयाखीन व प्रतिष्ठितांना हद्दपार केले. याजक यहेज्केल हा त्यांपैकीच एक होय. हद्दपारीच्या सहाव्या वर्षी, यहूदाचे वडीलजन त्याच्या घरी बसले असताना त्याला हे दर्शन झाले, असे ग्रंथ सांगतो.

दर्शनात तो यरुशलेमच्या मंदिरात नेला जातो. भिंत खणल्यावर दार दिसते. आत अमंगळ पशूंची चित्रे कोरलेली असून ७० वडीलजन अंधारात धूप जाळीत असतात. पुढे तम्मूज या मेसोपोटेमियन देवतेसाठी रडणाऱ्या स्त्रिया आणि मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमन करणारे सुमारे २५ पुरुष दिसतात. यांपैकी स्त्रिया दाराशी, तर सूर्योपासक अंगणात उघडपणे आहेत. लपले आहेत ते केवळ समाजाचे धुरीण. त्यांत शाफानाचा पुत्र याजन्या नावानिशी येतो. योशीया राजाच्या इ. स. पू. ६२२ च्या सुधारणेतील चिटणीस शाफान तो हाच असल्यास, सुधारकाच्या घरातच ती सुधारणा फोल ठरली, असा त्याचा अर्थ होतो.

परमेश्वराने देश सोडला आहे, तो पाहत नाही, हे वडीलजनांचे समर्थन ५९७ च्या पराभवातून आलेले दिसते. ग्रंथ हा क्रम उलटवितो : दैवी तेज मंदिर सोडते ते पुढे, दहाव्या व अकराव्या अध्यायांत, आणि या कृत्यांचा परिणाम म्हणून.

तथापि हे वर्णन प्रत्यक्ष घटनांचा पुरावा मानावे काय? येहेझ्केल काउफमन यांच्या मते त्यात मनश्शे राजाच्या काळातील पापांची स्मृती आहे. यहूदातील उत्खननांत इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतील मातीच्या स्त्रीमूर्ती मोठ्या संख्येने, विशेषतः घरांतून, मिळाल्या आहेत. परंतु त्यावरून मंदिरातील गुप्त दालन सिद्ध होत नाही. शिवाय गुप्त पापाचा आरोप आरोपीला खोडून काढता येत नाही, आणि येथील आरोपी शेकडो मैल दूर होते.

म्हणून हे दर्शन यरुशलेमच्या उपासनेचा अहवाल म्हणून स्वीकारण्यापेक्षा, आपले मंदिर का टिकणार नाही याचे उत्तर शोधणाऱ्या हद्दपारांच्या मनाचा दस्तऐवज म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक ठरते.