पन्नास मिलिमीटरची गोष्ट

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. "काका, इतिहास म्हटला की तुम्ही गोंड राजे आणि चंद्रपूरचा परकोट यांच्या बाहेर जातच नाही," अशी आमच्या पुतणीची तक्रार. ठीक आहे बाई, आज परकोटाच्या बाहेर जाऊ. चांगलं दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर बाहेर, सूरजागडला. आणि इतिहास सांगतो तो कोणा राजाचा नाही, एका पिस्टनचा.

सूरजागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातली डोंगररांग आणि तिच्या कुशीतलं गाव. हल्ली हे नाव लोहखनिजामुळे सगळ्यांच्या कानावर आहे. २०१६ साली तिथे खाण सुरू झाली, जाळपोळीमुळे थांबली आणि २०२१ पासून पुन्हा चालू झाली. पण मी सांगतोय ते त्या ट्रकांच्या आधीपासूनचं. या भागात माणूस हलतो तो दोन चाकांवर. त्याच तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या पट्ट्यात एसटी पहिल्यांदा धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी. होय, तारीख बरोबर वाचलीत. तोवर बाळंतीण असो, साप चावलेला असो की दहावीचा पेपर असो, आधी पाय, मग सायकल, आणि नंतर कोणाची तरी मोटारसायकल.

अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर काय होतं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन वडसा, ते उत्तरेच्या टोकाला. एखादा भाग एटापल्लीत नसला तर आलापल्ली, तिथे नसला तर चंद्रपूर. पावसाळ्यात नाला चढला की आलापल्लीसुद्धा लंडनइतकीच लांब! त्यामुळे इथल्या माणसाने गाडी निवडताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारला नाही, दिसण्याचा तर नाहीच. पहिला प्रश्न एकच : "सामान भेटते का?"

आता जरा मागे जातो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा मी नोकरीत तसा नवाच होतो. कचेऱ्या आल्या, पगारदार माणसं आली आणि त्यांच्याबरोबर मोटारसायकली आल्या. बहुतेक राजदूत. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली ही १७५. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, ६ व्होल्टची बॅटरी, म्हणजे दिव्याचा उजेड आपण दिवा लावलाय एवढं कळण्यापुरता! पण गाडी दणकट. अस्वल आडवं आलं तर अस्वलाने विचार करावा अशी.

तिचं दुखणं एकच. सिलिंडर झिजला की तो बोअर करायला लेथ हवी आणि लेथ चंद्रपूरला. मग सिलिंडर पोत्यात गुंडाळून एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचा. सोबत चिठ्ठी. चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी तो परत यायचा, आणि कधी कधी त्याबरोबरचा पिस्टन भलत्याच मापाचा निघायचा. आमच्या एका केंद्रप्रमुखांची राजदूत अशी अख्खा श्रावण शाळेच्या व्हरांड्यात उघडी पडून होती. पोरं प्रार्थनेच्या वेळी तिच्याकडेच बघत.

येझदी काही जणांकडे होती. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० बनणंही थांबलं. शहरात अशा गाड्यांचे शौकीन असतात, ते शोधून शोधून सामान जमवतात. जंगलात शौक कोण करणार? सामान संपलं की गाडी गोठ्याच्या भिंतीला टेकली आणि कोंबड्यांची सोय झाली.

आणि मग हिरो होंडा. १९८५ साली सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही. मी स्वतः बी.ए. मराठीचा माणूस, पण शिक्षक कमी पडले की गणितही शिकवलं आहे, म्हणून हा हिशेब देतो. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, उत्तर येतं ९७.२ घन सेंटिमीटर. १९९४ साली स्प्लेंडर आली, माप तेच. २००१ साली पॅशन, तेच. २००३ साली सीडी डॉन, मग डिलक्स, तेच. २०१० साली हिरो आणि होंडा वेगळे झाले, घरात वाटण्या होतात तशा वाटण्या झाल्या, पण स्प्लेंडर प्लसचं माप आजही ५० आणि ४९.५ आहे.

शहरातली तरुण मंडळी याला हसतात. चाळीस वर्षं तेच इंजिन? कंपनीला काही सुचत नाही का? माझं मत अगदी उलटं आहे. चाळीस वर्षं माप न बदलणं हाच एटापल्ली तालुक्यावर त्या इंजिनाचा उपकार. त्यामुळे किराणा दुकानाच्या मागच्या फळीवरसुद्धा एक पिस्टन-रिंगचा डबा ठेवणं परवडतं, कारण तो आज ना उद्या कोणाच्या तरी गाडीत बसणारच. आलापल्लीच्या एका मिस्त्रीने, माझ्याच हाताखालून गेलेला पोरगा तो, हे एका वाक्यात सांगितलं : "गुरुजी, डिलक्सचा पिस्टन पॅशनमंदी बसते, पॅशनचा स्प्लेंडरमंदी. गिऱ्हाईकाची गाडी कोणती हे मी विचारतच नाही."

बोअरची गंमत अजून आहे. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात : पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, मग पूर्ण एक. चौथ्या बोअरनंतर व्यास ५१ होतो आणि ९७ सीसीची गाडी १०१ सीसीची होते. म्हातारपणी छाती रुंदावणारी ही एकच जात! त्यानंतर मात्र नवी स्लीव्ह.

पण "सगळ्यांचं सगळं चालतं" अशी जी समजूत आहे, ती खोटी. शंभर सीसी म्हटलं की सगळ्या शंभर सीसी एकच, असं नवखा धरून चालतो. बजाजची जुनी सीटी १०० आणि जुनी प्लॅटिना घ्या. तिथे व्यास ५३ आणि धाव ४५, सीसी ९९.२७. पिस्टन अदलाबदल करायचा प्रश्नच नाही. चाकंही वेगळी : स्प्लेंडरला १८ इंची टायर, प्लॅटिनाला १७ इंची. ब्रेक शू घेताना ड्रम ११० चा की १३० चा हे मोजूनच घ्यावं. आणि सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे सीडीआय. काळी डबी, दिसायला जुळी भावंडं, पण एक मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालणारी आणि दुसरी बॅटरीच्या डीसीवर. चुकीची लावली तर किक मारून मारून पाय दुखेल, गाडी सुरू होणार नाही.

एकाचा भाग दुसऱ्यात बसावा ही कल्पना तशी फार जुनी नाही बरं का. १७८५ साली ओनोरे ब्लां या फ्रेंच कारागिराने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग थॉमस जेफरसनपुढे ठेवले. जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलून स्वतः चाप जुळवले आणि चकित होऊन तसं पत्रात लिहून ठेवलं. तोवर प्रत्येक बंदुकीचा स्क्रूसुद्धा फक्त तिचाच असे, कानस मारून बसवलेला. आमची राजदूतही बरीचशी त्याच जमान्यातली वाटायची.

आता सुधारणांबद्दल. सूरजागडकडे गाडी घेतली की तिला लगेच नवं सामान चढतं. मागे लोखंडी कॅरिअर, कारण धानाचं पोतं, मोहाचं पोतं आणि बायको, तिघांचीही सोय व्हायला हवी. मागच्या चाकाला बटन टायर, चिखलासाठी. आणि चेन-स्प्रॉकेट. माझ्या भाच्याच्या गाडीला पुढे १४ आणि मागे ४४ दात आहेत. भागाकार करा, बावीस सप्तमांश! शाळेत पाय शिकवताना हे माहीत असतं तर किती बरं झालं असतं. पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं घातलं की ओढ साधारण पावणेआठ टक्के वाढते, घाट चढतो, आणि सपाटीवर वेग तेवढाच कमी होतो. इथे सपाटीवर वेग हवा कोणाला? हे काम लोक तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की करून घेतात. उन्हाळ्याच्या शेवटी हातात पैसा असतो आणि पाऊस डोक्यावर असतो.

काही सुधारणा मात्र शहराची नक्कल. अलॉय व्हील दिसतं छान, पण खडीच्या रस्त्यावर तडकलं तर फेकूनच द्यावं लागतं. तारांचं चाक वाकलं तर आरे बदलून, आउट काढून पुन्हा सरळ होतं. तेच हल्लीच्या झगझगीत एलईडी लाइटचं. छोट्या मॅग्नेटोवर चार-चार दिवे जोडायचे आणि मग बॅटरी बसली म्हणून रडायचं.

एक विषयांतर करतो, राहवत नाही. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहारा डोंगराचं खनिज उत्तम, असं त्यात होतं. टाटांनी वरोऱ्याच्या कोळशावर प्रयोगही करवले. कोळसा कामाचा निघाला नाही, बेत बारगळला आणि कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. नाहीतर स्प्रॉकेटचं पोलाद आपल्याच जिल्ह्यात झालं असतं. आज सूरजागडचं खनिज ट्रक भरभरून बाहेर पडतं, त्याच रस्त्याच्या लाल धुळीने चेन वर्षभरात झिजते, आणि नवी चेन शेकडो किलोमीटरवरून येते. असो.

आता खरी काळजी सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर कमी झाला, ते चांगलंच. पण स्प्लेंडरचा कार्बोरेटर गेला आणि इंधन इंजेक्शन आलं. सेन्सर, ईसीयू, टाकीत पंप. पिस्टन अजूनही पन्नासाचाच, पण गाडी बंद पडते ती बहुधा पिस्टनमुळे नाही. पूर्वी कार्बोरेटर उघडून, जेटमधून फुंकर मारून, गाडी झाडाखालीही सुरू व्हायची. आता आधी यंत्र जोडून दोष वाचायचा, आणि सेन्सर तर एका मॉडेलचा दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणजे फिरून राजदूतच्या दिवसांवर आलो की काय?

जुन्या गाड्या ठेवाव्यात तर १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्याची फी २०२२ साली ३०० ची १००० रुपये झाली, आणि आरटीओ गडचिरोलीला. ज्या गाडीची किंमतच सात-आठ हजार, तिच्यासाठी एवढा खटाटोप कोण करतो ते तुम्हीच ठरवा.

आलापल्लीच्या त्या मिस्त्रीने मात्र दोष वाचायचं यंत्र घेतलंय, हप्त्यावर. गेल्या महिन्यात दुकानात गेलो तेव्हा त्याने ते कौतुकाने दाखवलं. बाजूला फळीवर जुने कार्बोरेटर ओळीने मांडलेले होते, रॉकेलने धुऊन स्वच्छ केलेले, पंधरा-वीस तरी असतील. हे कशाला, म्हटलं. तर म्हणाला, "गिऱ्हाईक येते ना गुरुजी. तिकडचे, गट्ट्याकडचे. इंजेक्शनवाली गाडी घेतच नाही म्हणते."

त्या दिवशी त्याने त्यातले दोन विकले. माझ्यासमोरच.