रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पें : नकाशांतील खुणा व नांवें

रत्नागिरी जिल्ह्यांतील सड्यांवर जांभ्या कातळांत खोदलेल्या आकृतींचा शोध सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांचे सहकारी यांनीं पायीं हिंडून घेतला. २०२२ सालीं त्यांतील निवडक स्थळें युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादींत आलीं. शिल्पांचा काळ व अर्थ यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तीं नकाशावर दाखवावीं कशीं, हा प्रश्न मात्र मागें राहिला. तो वाटतो तितका कारकुनी नाहीं.

गांवच्या जुन्या नकाशांत सडा बहुधा कोराच दिसतो. ही मोजणीदाराची बेफिकिरी नव्हे. १८६५ च्या कायद्याखालील मोजणी साऱ्यासाठीं होती. ३३ फुटी, सोळा आण्यांची साखळी शेताच्या बांधाबांधानें फिरे, मापें टिपणांत उतरत, आणि त्यांवरून इंचास वीस साखळ्या या प्रमाणाचा नकाशा तयार होई. ज्या कातळावर दाणा पिकत नसे तो पोटखराब्यांत जाई. तेव्हां कोरी जागा ‘येथें पीक नाहीं’ एवढेंच सांगते. ‘येथें कांहीं नाहीं’ असें सांगत नाहीं. जुने नकाशे जमविणारांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

आतां कशेळीचा हत्ती घ्या. तो सुमारें १८ मीटर लांब असून त्याच्या देहरेषेच्या आंत इतर प्राणी दाटीनें कोरले आहेत. गांवनकाशाच्या प्रमाणांत, म्हणजे १ : ७९२० या मानानें, तो सव्वादोन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा होईल! अर्थात् तेथें खूण घालावीच लागते. परंतु कशेळीस व एखाद्या एकाकी लहान आकृतीस एकच लाल ठिपका दिल्यास नकाशा खोटें बोलूं लागतो. आकृति एक कीं समूह, शाबूत कीं झिजलेली, इतकें तरी खुणेवरून कळावें. आकृति स्वतः १ : १०० च्या निराळ्या आराखड्यांत काढावी, तेथें हत्ती अठरा सेंटिमीटरांचा होतो व पोटांतले प्राणी ओळखूं येतात.

ठिपक्याला हद्द नसते, हा त्याचा सर्वांत मोठा दोष. शेजारीं चिरेखाण उघडणारास कातळ कोठवर राखावयाचा हें त्यावरून कळत नाहीं. २०२३ सालीं बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीं मातीपरीक्षण सुरू झालें, तेव्हां शिल्पांच्या रक्षणाचा प्रश्नहि पुढें आला. म्हणून सर्व्हे नंबरासह शिल्पसमूहाची हद्दरेषा आंखलीच पाहिजे.

नांवांचें काम याहून नाजूक. बारसूस दोन वाघांसारख्या पशूंमध्यें उभा मनुष्य आहे. त्यास सिंधुसंस्कृतीच्या मुद्रेवरून एखादें भारदस्त नांव नकाशावर दिलें, कीं पुढील वाचक अनुमानासच पुरावा समजतो. ‘मनुष्य, दोन्ही बाजूंस पशु’ एवढेंच लिहावें. वाघ कीं अन्य कांहीं, तें लेखांत खुशाल भांडावें. देवीहसोळचें चौकोनी शिल्प आर्यादुर्गेच्या देवळाजवळ आहे. तेथें देवळाचें नांव ठळक हवें. ग्रामस्थ जागा ज्या नांवानें दाखवितात तें प्रथम, संशोधकाचा अर्थ मागाहून व वेगळ्या वळणाच्या अक्षरांत.

देवाचें गोठणें येथें तर उत्तरेचा बाणहि तपासून घ्यावा लागतो, कारण तेथील कातळावर होकायंत्राची सुई ढळते. दिशा सूर्यावरून किंवा ध्रुवावरून घ्यावी, आणि कशावरून घेतली तें बाणाशेजारींच लिहावें. तसें न लिहिलेला आराखडा कितीहि सुबक असला तरी आम्ही तो ‘दिशा अनिश्चित’ असा शेरा मारूनच संग्रहांत घेऊं.