ज्ञातिबाह्य ज्ञातिभगिनी : कै. लक्ष्मीबाई टिळक

ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे वार्षिक अंकातून सादर करावीत, हा आपल्या संघाचा जुना परिपाठ आहे. पेशवाईतील मुत्सद्दी, स्वातंत्र्यसंग्रामातील देशभक्त, न्यायाधीश, गणिती, संशोधक अशांची स्मरणे आपण वेळोवेळी केली आहेत व ती करताना आपला ऊर अभिमानाने भरून आला आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांपुढे अशा एका भगिनीचे स्मरण ठेवीत आहो, की जिला आयुष्याची शेवटची छत्तीस वर्षे आपल्या ज्ञातीच्या पंक्तीत पान मिळाले नसते. तिचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आज मराठी भाषेचे भूषण मानले जाते. तिचे माहेर गोखले, सासर टिळक. दोन्ही कुळे चित्पावन. तिने १९०० साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या पायरीने तिच्या मनास काय लाभले, आणि त्या लाभाच्या आरशात आपली ज्ञाती कशी दिसते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेले धान्य तर धुतले जाईच, पण मीठ-साखरसुद्धा त्या स्नानातून सुटत नसे. अशा घरात वाढणाऱ्या मुलीच्या मनावर पहिला संस्कार कोणता होत असेल? जग विटाळाने भरलेले आहे, आपण त्यातून अंग चोरून चालावयाचे, आणि आपली योग्यता म्हणजे कोणाचा स्पर्श झाला नाही याचा हिशेब. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-पणजीची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ सालचा. बुद्धी तेजस्वी, कवित्व उपजत, परंतु स्वभाव वाऱ्यासारखा. नोकरी एका ठिकाणी टिकत नसे. हातात आलेला पैसा गरजवंताच्या हाती जाई. पत्नीस लिहावाचावयास शिकविण्याची त्यांना हौस मोठी, पण धीर थोडा. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई अशा संसारात अक्षरे गोळा करीत करीत वाचावयास शिकली. पुढे जिच्या गद्याची सहजता पंडितांनी वाखाणली, तिचे विद्यापीठ चुलीपाशी भरलेले होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपल्या ज्ञातीत हे पहिलेच उदाहरण होते असे नाही. पं. नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ साली, तर पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परंतु त्या काळचे वातावरण ध्यानात घेतल्यावाचून या घटनेचा आघात कळावयाचा नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनात काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्याली, एवढ्यावरून शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषासही प्रायश्चित्त घ्यावे लागले. जेथे एका पेल्याची ही कथा, तेथे प्रत्यक्ष धर्मांतराची काय कथा!

लक्ष्मीबाईंची अवस्था तर विलक्षण झाली. पती हयात, म्हणून त्या विधवा नव्हत्या; पती गेलेला, म्हणून सवाष्णीच्या मानास पात्र नव्हत्या. पदरी लहान मुलगा, आणि आसरा नातलगांचा. त्यांच्या दुःखात आप्तांनी त्यांस सांभाळले; तो माणुसकीचा भाग आम्ही विसरत नाही. परंतु ज्ञातीजवळ या बाईसाठी नाव नव्हते, जागा नव्हती. स्त्रीची प्रतिष्ठा सर्वस्वी नवऱ्याच्या ज्ञातीवर उभी असल्यामुळे, त्याची ज्ञाती गेली तशी हिच्या पायाखालची जमीनही गेली.

येथे कायद्याची एक गोष्ट नमूद करणे उचित होईल. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता, आणि १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित मनुष्याचा जोडीदार एकत्र राहावयास तयार नसेल, तर न्यायालयातून विवाहबंधन तोडून घेण्याची वाट मोकळी केली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. सुमारे पाच वर्षे ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई अखेर मुलासह त्यांच्याकडे गेल्या. पण गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेविले. पतीशी बोलावयाचे, परंतु त्याच्या हातचे पाणी घ्यावयाचे नाही, अशी ती व्यवस्था होती.

पुढील परिवर्तन कोणाच्या उपदेशाने घडले नाही, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. बाई विचार करू लागल्या. ईश्वराने जर खरोखरच माणसांत उच्चनीच जाती निर्माण केल्या असत्या, तर पशूपशूंतील भेद जसा डोळ्यांस दिसतो तसा तो माणसामाणसांतही दिसला असता. मग तो दिसत का नाही? या साध्या प्रश्नाने जलालपूरच्या सोवळ्याचा पाया उखडला. यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे-प्यावयाचे असे त्यांनी ठरविले. तर्क शास्त्र्यांचा नव्हता, गृहिणीचा होता. पण त्यामागे स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवण्याचे धैर्य होते. आत्मसन्मानाचे पहिले लक्षण हेच नव्हे काय? त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागून फरफटत जाणारी पत्नी ती नव्हती. स्वतः विचार करून, पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत आलेली ती स्त्री होती.

या श्रद्धेने त्यांस काय दिले? जे देवळाच्या गाभाऱ्यात आणि घरच्या देवघरात त्यांस मिळाले नव्हते, ते. परमेश्वर हा पिता, त्याच्यापाशी बोलावयास मध्यस्थ नको, मंत्राधिकार नको, स्त्रीपण आड येत नाही. बोलावयाचे ते आपल्या घरगुती मराठीत. ज्या बाईचे मोल आजवर कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणत्या पंक्तीची, यावर ठरत होते, तिला प्रथमच कळले की आपण स्वतः कोणीतरी आहो, आणि हे मोल कोणाच्या सावलीने घटत नाही. वाचक म्हणतील, आपल्या संतांनीही हेच सांगितले. अगदी खरे. टिळक स्वतः आपल्या श्रद्धेचे नाते तुकोबांशी जोडीत आणि ख्रिस्तभक्ती अभंगात व कीर्तनात गात. परंतु संतांचे बोल आपण ओठांवर ठेविले व सोवळे अंगावर ठेविले. लक्ष्मीबाईंस ते आचरणात आढळले ते दुसऱ्या उंबऱ्यावर.

अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक अस्पृश्य गणलेल्या समाजांतील होते. त्यांच्यासाठी या धर्माचा अर्थ शाळा, अक्षर आणि माणूस म्हणून हाक असा होता. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर एका पंक्तीत बसल्या. टिळकांच्या घरी अनाथ मुलांचा राबता असे. त्यांतील एका मुलीचे नावच 'नकुशी'. नको असताना जन्मली म्हणून पडलेले. अशा मुलीस ज्या घरात आईबाप मिळाले, त्या घरातील गृहिणीस स्वतःच्या नकोसेपणाचा अनुभव होता, हे विसरता येत नाही. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनानंतर बालकवी ठोमरे याच घरी राहावयास आले. ते हिंदूच राहिले आणि या घरात मुलासारखे वाढले. ज्याचे स्वतःचे मन स्थिर झाले आहे, त्यास दुसऱ्याचा धर्म ओढून घेण्याची निकड भासत नाही.

एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. नव्या समाजात सर्व काही निर्दोष होते असे नाही. जुने जातिभेद तेथेही पाझरत होते, आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या कारभारात देशी ख्रिस्ती मनुष्यास बरोबरीचे स्थान मिळत नाही हा सल टिळकांस होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास स्वतंत्र मार्ग धरला. भटांपुढे न वाकणारे हे दांपत्य साहेबांपुढेही वाकले नाही. खरा आत्मसन्मान एका दाराशी ताठ व दुसऱ्या दाराशी लीन असा असू शकत नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्या काळी आपल्या ज्ञातीत विधवेच्या केशवपनाची चाल पुरती सुटलेली नव्हती. पतिनिधनानंतर बाईचे जगणे म्हणजे अंधारी खोली व जपमाळ. लक्ष्मीबाईंचे लेखनकर्तृत्व बहुतांशी याच उत्तरकाळात फुलले. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांनी पुढे चालविले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांचे आहेत, व ते १९३८ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून क्रमाने छापून निघाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

'स्मृतिचित्रे' वाचताना एक गोष्ट प्रत्येकास जाणवते. एवढे सोसलेली ही बाई कोणावर दात धरीत नाही आणि सर्वांत अधिक हसते ती स्वतःला. कुळाचा, रंगाचा वा विद्येचा गर्व असणाऱ्यास स्वतःला हसता येत नाही. कारण त्याची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या नजरेत ठेव म्हणून असते, आणि ती ठेव बुडेल या धाकात तो जगतो. लक्ष्मीबाईंची ठेव त्यांच्यापाशीच होती.

आता आपणांकडे वळू. आपला संघ जन्माच्या नात्यावर उभा आहे. ते नाते आम्ही तुच्छ मानीत नाही. विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती, वृद्धास आधार, अडचणीत शब्द, हे त्याचे फळ होय. परंतु लक्ष्मीबाई जेव्हा निराधार होत्या तेव्हा ज्ञातीने त्यांस जागा दिली नाही, आणि त्या कीर्तिमान झाल्यावर आपण त्यांस 'आपल्या' म्हणू लागलो. हा व्यवहार सचोटीचा नाही. अभिमान बाळगावयाचा तर प्रथम हे ऋण कबूल केले पाहिजे.

म्हणून एक विनंती. आपल्या अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले आहेत व पुढेही छापले जातील. ते सिद्ध करणाऱ्या बंधुभगिनींनी, ज्यांनी धर्म बदलला, ज्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला, ज्या सुना-लेकी घराबाहेर पडल्या, त्यांची नावे संपूर्ण व आदराने, त्यांच्या मुलाबाळांसह नोंदवावीत. कोरी जागा सोडू नये, 'पुढील माहिती नाही' असे लिहून मोकळे होऊ नये. माहिती विचारावयास त्यांच्या दारी जावे. कदाचित त्या दारी आपणांस पाणी विचारले जाईल. ते प्यावे, आणि मग लिहावयास बसावे.