नावेत काय आहे?

दोन वस्तूंतून एक निवडायची म्हटलं की आमच्या घराची लोकसभा होते. मागे दोन टेबलफॅन समोर होते. सौभाग्यवतींचं मत डावलून मी स्वस्तातला आणला. तो वारा सोडून बाकी सगळं घालतो, मुख्यतः गोंधळ. तेव्हापासून इतरांनी काय निवडलं याचा इतिहास वाचायचा मला नाद लागला.

त्या इतिहासातलं माझं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला, १९२१ सालचा कोणीही एक संसारी गृहस्थ. तिकडे तळी पुष्कळ. सुट्टीत बायकापोरं होडीत घालायची आणि वल्ही मारायची. खांदे भरून आले की माणसाला मोटरबोट सुचतेच. होडी तीच, मागच्या फळीला इंजिन अडकवलं की झालं! पण इंजिनं दोन. एक ‘एव्हिन्रूड’, दुसरं ‘एल्टो’.

आता गंमत ऐका. ओल एव्हिन्रूड हा नॉर्वेत जन्मलेला, मिलवॉकीचा कारागीर. सहलीत बेस नावाच्या मैत्रिणीला आइस्क्रीम खावंसं वाटलं. हा वल्ही मारत पैलतीरी गेला आणि परतेपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं, अशी कथा सांगतात. (असं इंजिन कॅमेरॉन वॉटरमननं त्याच्याआधीच केलं होतं; पण त्याच्या कथेत आइस्क्रीम नाही, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.) १९०९ मध्ये ओलचं इंजिन विक्रीला आलं. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड. बेस तोवर बायको झाली होती. हिशेब, पत्रं, जाहिराती तिच्याकडे.

धंदा फोफावला आणि बेसची प्रकृती ढासळली. १९१४ मध्ये ओलनं आपला हिस्सा भागीदाराला विकला, पाच वर्षं या धंद्यात पडणार नाही असं लिहून दिलं आणि बायको-मुलाला घेऊन प्रवासाला निघाला. आमच्या ब्रँचनं त्याच्या फायलीवर ‘अव्यवहारी’ असा शेरा मारला असता.

मुदत संपल्यावर त्यानं ॲल्युमिनियम वापरून नवं इंजिन बेतलं. तीन अश्वशक्ती, वजन पन्नास पौंडांच्या आत. जुन्या भागीदाराला आधी दाखवलं. तो नको म्हणाला. मग नवराबायकोनं नवी कंपनी काढली. पण स्वतःचं नाव तर विकून बसलेले! म्हणून ‘एव्हिन्रूड लाइट ट्विन आउटबोर्ड’ची आद्याक्षरं जुळवून ‘एल्टो’.

म्हणजे गृहस्थापुढे पेच असा, की एका इंजिनावर माणसाचं नाव आणि दुसऱ्यात खुद्द माणूस. मी नावालाच भुललो असतो. सही जुळली की चेक पास, ही आमची सवय. पण ज्याच्या एका हातात इंजिन आणि दुसऱ्या हाताला पोर लोंबकळतंय, त्याला पौंडाची किंमत कळते.

१९२९ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि अध्यक्षाच्या खुर्चीत ओल बसला. नाव आणि माणूस पुन्हा एका नावेत! बेस १९३३ मध्ये गेली, ओल पुढच्याच वर्षी. ‘एव्हिन्रूड’ इंजिनं मात्र २०२० पर्यंत निघत होती.

ही सगळी गोष्ट मी सौभाग्यवतींना रंगवून सांगितली. त्या म्हणाल्या, “त्यानं बायकोसाठी अख्खा कारखाना विकला. तुम्ही निदान पंखा तरी विका.”