पंडितांची फाइल

माझ्या जन्माच्या नोंदीत माझं नाव नाही. १९७१ साली वाळवा तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत आईवडिलांची नावं, तारीख आणि ‘स्त्री’ एवढंच लिहिलं गेलं. बारसं झालं, पण वहीत नाव घालून यायला कुणी गेलं नाही. हे मला कळलं ते २००३ साली, लॉस एंजेलिसमध्ये, इमिग्रेशनच्या वकीलबाईंसमोर पहिल्यांदा बसले तेव्हा. दाखला उलटसुलट पाहून त्यांनी विचारलं, “ही मुलगी तुम्हीच, कशावरून?”

उत्तर इस्लामपूरला होतं. मावशीने स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं, की बाळंतपणाला मी हजर होते आणि त्या मुलीचं नाव अमुक ठेवलं. शाळा सोडल्याचा दाखला जोडला. त्या कागदांवर माझं ग्रीन कार्ड झालं. पुढे मी याच कामात शिरले. आर्टेशियाजवळच्या एका वकिली कार्यालयात पंधरा वर्षं फाइली लावते आहे, आणि पहिल्या भेटीची वेळ ठरवायला कुणा मराठी माणसाचा फोन आला, की त्याला सखाराम गणेश पंडितांची गोष्ट सांगते. नावाची ही ठेवण आपल्याच घरातली वाटते ना?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित अमेरिकेत आले. १७९० पासूनचा कायदा असा, की परक्या देशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ला नागरिकत्व मिळेल. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदुस्थानातून आलेला माणूस यात कुठे बसतो, हे प्रत्येक न्यायालय आपापल्या परीने ठरवी. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांचं नागरिकत्व १९१० साली वरच्या न्यायालयात टिकलं. पंडितांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात अर्ज केला, तेव्हा सरकारी अधिकाऱ्याने हरकत घेतली, की हा अर्जदार गोरा नाही. न्यायाधीशांनी ती हरकत ऐकली, पुरावा पाहिला आणि १९१४ साली नागरिकत्व दिलं. सरकारने त्यावर अपील केलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१९१७ साली पंडित कॅलिफोर्नियात वकील झाले. मग त्यांच्याकडे आले भगतसिंग थिंद, पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात शिपाई. थिंदांना १९१८ च्या डिसेंबरात अंगावर वर्दी असतानाच नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० साली ऑरेगनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिलं, आणि या वेळी सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे थिंदांची बाजू पंडितांनी मांडली. थिंद उच्चवर्णीय आहेत, आर्य आहेत, म्हणून कॉकेशियन आहेत, असा तो युक्तिवाद. जपानच्या ताकाओ ओझावांना नाकारताना याच न्यायालयाने तीन महिन्यांपूर्वी गोरा म्हणजे कॉकेशियन असं म्हटलं होतं, तेव्हा वकील म्हणून पंडितांनी तोच धागा पकडला. तरी मला तो युक्तिवाद वाचताना त्रास होतो. जातीची शुद्धता पुढे करून समतेचं दार उघडायचं, हे तेव्हाही चूकच होतं.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल विरुद्ध गेला. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असं न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं. मग सरकारने जुनी नागरिकत्वं रद्द करायला घेतली. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, व्यवसाय गेला. १९२८ साली त्यांनी जीव दिला.

सरकारने पंडितांवरही दावा लावला, आणि अशिलांचा वकील स्वतः प्रतिवादी झाला. त्यांची फाइल अशी डोळ्यांसमोर आणा: १९१४ चा हुकूम. वकिलीची सनद, जी नागरिकत्व गेलं तर जाणार होती, कारण कॅलिफोर्नियात बिगरनागरिकाला वकिली करता येत नसे. घराची कागदपत्रं, कारण नागरिक होण्यास अपात्र माणसाला तिथे जमीन बाळगता येत नसे. हिंदुस्थानातल्या वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क त्यांनी या नागरिकत्वाच्या भरवशावर सोडला होता, तेही न्यायालयापुढे मांडलं. पत्नी अमेरिकेत जन्मलेली गोरी स्त्री, पण १९२२ च्या कायद्याप्रमाणे अपात्र परदेशी माणसाच्या बायकोचंही नागरिकत्व जाई. नवरा खटला हरला असता, तर ती स्वतःच्या देशात परकी ठरली असती.

इथे पंडितांनी आपला वंश सिद्ध करण्याचा नाद सोडला. हा प्रश्न १९१४ साली याच सरकारची हरकत ऐकून निकालात निघाला आहे, तेव्हा अपील केलं नाही, आता नऊ वर्षांनी तोच वाद उकरता येणार नाही, असं ते म्हणाले. खालच्या न्यायालयाने मानलं, १९२६ साली अपील न्यायालयाने मानलं, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची विनंती ऐकायलाच नकार दिला. रद्द करण्याची मोहीम त्यानंतर थंडावली. थिंदांना माजी सैनिकांसाठीच्या नव्या कायद्याखाली १९३६ साली नागरिकत्व मिळालं. सगळ्या हिंदी लोकांना ते दार १९४६ साली उघडलं, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासकट.

पंडितांना वाचवलं ते १९१४ च्या जुन्या हुकमाने. म्हणून पहिल्या भेटीला येणाऱ्याला मी म्हणते, पिशवीच घेऊन या. सगळे जुने पासपोर्ट, रद्द झालेलेसुद्धा. व्हिसाच्या प्रत्येक नोंदीची प्रत, प्रवासाच्या तारखा, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव कुठे कसं लिहिलंय ते. आणि जे लपवावंसं वाटतं ते आधी काढा. कुणाचा एकदा व्हिसा नाकारलेला असतो, कुणाला पोलिसांनी एकदा पकडून सोडलेलं असतं. “ते मिटलं हो, कशाला सांगायचं?” असं काकुळतीने विचारतात. मिटलं असेल तर मिटल्याचा कागद आणा. वकिलाला सांगितलेलं वकिलापाशी राहतं, आणि त्याला न सांगितलेलं समोरच्या सरकारी टेबलावर निघालं, की त्याच्या हातात काही उरत नाही.

माझी मावशी २०११ साली गेली. तुमच्या घरच्या नोंदी आजच काढून पाहा. वहीत नाव नसेल, तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ते घालून घेता येतं का विचारा, आणि ज्यांनी तुमचा जन्म पाहिला ती माणसं आहेत तोवर त्यांची सही घेऊन ठेवा.