कोलेन्सो: बायबलच्या हिशेबापलीकडचा बिशप

प्रबंधाचा विषय सांगितला की हमखास विचारतात, "कोलेन्सो? बायबलमधल्या आकड्यांच्या चुका काढणारा बिशप तोच ना?" हो, तोच. पण माझं काम त्यानंतरच्या कोलेन्सोवर आहे, आणि त्याला पुस्तकांत जेमतेम दोन परिच्छेद मिळतात.

जॉन विल्यम कोलेन्सो (जन्म १८१४) केंब्रिजचा गणिती. त्याची शालेय अंकगणिताची पुस्तकं खूप खपली. १८५३ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा पहिला अँग्लिकन बिशप झाला. (नाताळ हे इथे प्रदेशाचं नाव, पण ते पडलं त्या सणावरूनच!) तिथे तो झुलू शिकला, शब्दकोश केला, आणि विल्यम न्गिदी या झुलू सहकाऱ्यासोबत बायबलचं भाषांतर करू लागला. जलप्रलयाच्या कथेपाशी न्गिदीने विचारलं, हे सगळं खरंच घडलं का? कोलेन्सोला मनापासून 'हो' म्हणता येईना.

मग गणिती जागा झाला. लढण्याजोगे पुरुष सहा लाख, म्हणजे एकूण माणसं वीस लाखांच्या वर; आणि त्या सगळ्यांचे बळी-विधी करायला पुरोहित तीन? १८६२ पासून हे छापून येऊ लागलं आणि गदारोळ झाला. केपटाउनचे बिशप ग्रे यांनी १८६३ मध्ये त्याला पदच्युत केलं, पण १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल रद्द ठरवला. या भांडणात नाताळमधले बरेच गोरे वसाहतवाले कोलेन्सोच्याच बाजूने होते, हे लक्षात ठेवा.

१८७३ मध्ये ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याच्यावर बंडाचा आरोप आला. त्याच्या तरुणांनी हिऱ्यांच्या खाणींवर मजुरी करून बंदुका आणल्या होत्या, आणि त्यांच्या नोंदणीवरून वाद पेटला. खटला कसला म्हणायचा तो! ज्या गव्हर्नरने फौज पाठवली, तोच न्यायाधीश. आरोपीला वकील नाही. शिक्षा जन्मभराची हद्दपारी, रॉबेन बेटावर. (पुढे मंडेलांना ठेवलं, तेच बेट.)

कोलेन्सोला झुलू येत होती, त्यामुळे तो साक्षीदारांशी स्वतः बोलला. खटल्याची कागदपत्रं ओळ न् ओळ तपासली; बायबलला लावलेली पद्धत आता सरकारला लावली. वसाहतीचा नेटिव्ह-व्यवहार सचिव शेपस्टन त्याचा जुना मित्र, ती मैत्री तुटली. गोऱ्यांनीही पाठ फिरवली. बायबलवरची शंका त्यांना चालली होती. ही चालली नाही.

१८७४ मध्ये कोलेन्सो इंग्लंडला जाऊन वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हनना भेटला. गव्हर्नर पाइनला परत बोलावलं गेलं, १८७५ मध्ये लांगालिबालेलेला बेटावरून हलवलं. पण घरी नाही, केपटाउनजवळ नजरकैदेत. तो नाताळला परतला १८८७ मध्ये. कोलेन्सो चार वर्षं आधीच, १८८३ मध्ये वारला होता.

झुलू लोक त्याला 'सोबांटू' म्हणत, लोकांचा बाप. पुढे झुलू राजा दिनुझुलूवर राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा त्याच्या बचावाला उभी राहिली कोलेन्सोची मुलगी हॅरिएट. तिच्याबद्दल पुढच्या वेळी.