पुण्यातील पिस्तूलखरेदी : परवान्याची आणि चोरवाटेची

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर पसंत पडले, भाव जमला आणि घेऊन घरी आलो, असा व्यवहार सामान्य पुणेकराला कायद्याने गेल्या जवळजवळ दीडशे वर्षांत करता आलेला नाही. १८७८ च्या हत्यार कायद्यापासून आधी परवाना आणि मग शस्त्र असा क्रम ठरला, आणि स्वातंत्र्यानंतरही तो मोडला नाही. त्यामुळे शहरात हातबंदुकीच्या खरेदीचे दोन स्वतंत्र मार्ग पडले. पहिला परवान्याचा. तो खर्चिक आहे आणि त्याला महिनोन्महिने लागतात. दुसरा चोरवाटेचा, तुलनेने स्वस्त आणि ओळख निघाली तर एका दिवसात उरकणारा. स्वस्तात आणि घाईने घेतलेल्या पिस्तुलाचा पुण्यातील इतिहास हा जवळपास सगळा या दुसऱ्या वाटेचा इतिहास आहे.

छावणीचे शहर आणि १८७८ चा कायदा

५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पेशवाईचा शेवट जवळ आला आणि पुण्याच्या कडेला पुणे व खडकी या दोन लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पुढे लष्कराची भांडारे आणि दुरुस्तीची ठाणी वाढत गेली. शहराच्या वेशीवर शस्त्रांचा आणि काडतुसांचा एवढा साठा असताना शहरातील माणसाला मात्र ती मिळणे दिवसेंदिवस कठीण होत गेले.

१८५७ च्या उठावानंतर १८६० मध्ये शस्त्रांवर व्यापक निर्बंध आले. व्हाइसरॉय लिटन यांच्या काळातील १८७८ च्या कायद्याने ते पक्के केले. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणे, शस्त्रे तयार करणे आणि विकणे हे गुन्हे ठरले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना मात्र यातून सूट होती. खडकीच्या छावणीतील इंग्रज अधिकारी जे रिव्हॉल्व्हर कमरेला लावून हिंडत असे, त्यासाठी शनिवार पेठेतील वकिलाला सरकारदरबारी अर्ज करावा लागे. हा भेद सुशिक्षितांना फार झोंबला. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल करण्याची मागणी झाली. वंशावर आधारलेली सूट १९२० च्या नियमांनी बहुतांशी काढली, तरी परवाना राहिलाच. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत तो आला नाही.

क्रांतिकारकांची शस्त्रे

कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी त्याची कसोटी लागली. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर दरोडा घातला. माणसे आणि शस्त्रे जमवायची तर पैसा हवा, आणि तो सावकारांकडून मिळवायचा, असे त्यामागचे गणित होते. जुलैमध्ये ते पकडले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तुलांच्या जोडीला त्यांनी तलवारीही नेल्या होत्या. त्या काळच्या हातबंदुकीवर पुरता भरवसा टाकता येत नसे, हेच यातून दिसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये तयार होणारे ब्राउनिंग पिस्तूल बाजारात आले. ते चपटे होते, खिशात मावत होते आणि त्यात एकामागून एक गोळ्या झाडता येत. त्याच्यासोबत ७.६५ मिलिमीटरचे काडतूसही रूढ झाले. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून अशी वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याबरोबर हिंदुस्थानात पाठवली. ती ट्रंकेच्या खोट्या तळात दडवून आणली गेली. त्यांपैकी एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे याने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला. २२ जुलै १९३१ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला.

या सर्व प्रकरणांत शस्त्र मिळवण्यामागे हेतू ठरलेला होता आणि जमवाजमव बरीच आधीपासून चाललेली होती. स्वस्त पडते म्हणून घ्यावे, असे त्यात काही नव्हते. शहरात विक्रेता, गिऱ्हाईक आणि अदलाबदल असा बाजार दिसू लागला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात.

बडगेचे शस्त्र भांडार

दिगंबर रामचंद्र बडगे हा मूळचा खानदेशातील चाळीसगावचा. पुण्यात पडेल ती कामे करून झाल्यावर त्याने ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान काढले. खंजीर, सुरे, वाघनखे असा परवाना न लागणारा माल तिथे उघडपणे विकला जाई. हिंदू महासभेच्या अधिवेशनांतही तो माल मांडून बसे. फाळणीच्या आगेमागे आणि हैदराबाद संस्थानात रझाकारांचा जोर वाढल्यावर मागणी वाढली, तसे दुकानाच्या आडून पिस्तुले, काडतुसे आणि स्फोटकेही हात बदलू लागली. युद्ध संपल्यावर अशा मालाला तोटा नव्हता. पुण्याभोवती लष्करी भांडारे होती आणि परदेशांतील आघाड्यांवरून परतलेल्या सैनिकांनी शस्त्रे आणलेली होती.

या बाजाराची रीत गांधीहत्येच्या खटल्यात लाल किल्ल्यावर झालेल्या साक्षींतून कळते. बडगे त्यात माफीचा साक्षीदार होता. त्याच्या साक्षीनुसार, जानेवारी १९४८ च्या मध्यास नथुराम गोडसे याने आपल्याजवळचे लहान पिस्तूल त्याच्याकडे दिले आणि बदल्यात मोठे रिव्हॉल्व्हर आणायला सांगितले. बडगेने ते पुण्यातील एका ओळखीच्या माणसाला देऊन त्याच्याकडून ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणि चार काडतुसे घेतली. व्यवहार ओळखीवर झाला. घेतलेले शस्त्र चालते की नाही, हे कुणी पाहिले नाही.

पाहिले ते थेट दिल्लीत, २० जानेवारीच्या सकाळी. हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हर बाहेर काढली गेली. एक बडगेने बदलून आणलेले होते. दुसरे खडकीच्या लष्करी भांडारात नोकरीला असलेल्या गोपाळ गोडसे याने आणलेले ०.३८ बोअरचे लष्करी रिव्हॉल्व्हर होते. गोपाळच्या रिव्हॉल्व्हरचे चेंबर बाहेरच येईना. बडगेच्या रिव्हॉल्व्हरमधून एका झाडावर नेम धरला, तर गोळी झाडापर्यंत न पोहोचता मध्येच पडली. दुरुस्तीसाठी तेलाची बाटली आणि चाकू आणायला माणूस धाडला गेला. त्या दिवशीचा बिर्ला भवनातील गांधीहत्येचा कट फसला.

त्यानंतर नथुराम गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे यांनी मुंबईत ओळखीपाळखीतून पिस्तूल मिळवण्याची खटपट केली. ती साधली नाही. २८ जानेवारीला ग्वाल्हेरात त्यांच्यापुढे आधी एक गावठी रिव्हॉल्व्हर आले. ते अंगणात चालवून पाहिले आणि नापसंत केले. मग इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल मिळाले आणि ३० जानेवारीला महात्मा गांधींची हत्या त्याच पिस्तुलाने झाली. भरवशाचे शस्त्र कारखान्यात बनलेले आणि म्हणून दुर्मिळ, तर सहज मिळणारे शस्त्र बेभरवशाचे, ही चोरट्या बाजाराची तऱ्हा पुढेही कायम राहिली.

१९५९ चा कायदा आणि परवान्याची किंमत

१८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पुण्यात १९६५ मध्ये पोलिस आयुक्तालय झाल्यावर शहरातील परवान्यांचे काम आयुक्तांकडे आले. अर्जदाराने शस्त्र कशासाठी हवे ते सांगायचे आणि स्थानिक पोलिस ठाण्याने चौकशी करून अहवाल द्यायचा, ही पद्धत आजही आहे. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते घरात नीट ठेवण्याची सोय यांचीही भर घातली. परवाना हाती पडल्यावर त्यात नमूद केलेल्या प्रकारचेच शस्त्र घेता येते. काडतुसांच्या खरेदीचीही नोंद होते. निवडणुका जाहीर झाल्या की पोलिसांच्या आदेशानुसार परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात.

शस्त्राची किंमत हा दुसरा अडसर. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी नागरिकांसाठी बंदुकांची आयात बंद झाली. त्यामुळे देशात आधीच असलेल्या जुन्या परदेशी पिस्तुलांचे भाव भलतेच चढले आणि नव्या शस्त्रासाठी बराच काळ सरकारी आयुध कारखान्यांवरच भिस्त राहिली. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे ०.३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. अर्ज, चौकशी, प्रशिक्षण आणि एवढी रक्कम हे सगळे पार करताना लहरीखातर होणारी खरेदी आपोआप गळून पडते.

अमेरिकेत परिस्थिती नेमकी उलटी होती. तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जस्ताच्या मिश्रधातूची, अगदी हलक्या किमतीची पिस्तुले दुकानांत सर्रास मिळत. ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ या टोपणनावाने ती ओळखली जात. स्वस्त आहे म्हणून आणखी एक, असे गिऱ्हाईक तिथे नित्याचे होते. १९६८ च्या कायद्याने अशा पिस्तुलांच्या आयातीवर बंधने घातली. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने पाच दिवसांचा प्रतीक्षाकाळ ठेवला, तो १९९८ पर्यंत टिकला. रागाच्या किंवा निराशेच्या भरात होणारी खरेदी थोडी लांबली तर जीव वाचतात, हा त्यामागचा एक विचार होता. पुण्यात हा प्रतीक्षाकाळ परवान्याच्या पद्धतीतच होता. पळवाट शोधली गेली ती परवाना टाळूनच.

गावठी कट्टा

आजच्या पुण्यातील स्वस्त हातबंदूक म्हणजे गावठी कट्टा किंवा गावठी पिस्तूल, गुन्हेगारांच्या बोलीत ‘घोडा’. पुण्यात पकडलेल्या मालापैकी बराचसा मध्य प्रदेशातून येतो. बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून आहे, आणि तेथील बेकायदा शस्त्रभट्ट्यांचे नाव पुणे पोलिसांच्या तपासांत पुन्हा पुन्हा आले आहे. शस्त्रांना धार आणि झिलई देण्याचे शिकलगारांचे पूर्वापार कसब काही कुटुंबांत या धंद्याकडे वळले. लोखंडी नळी आणि पत्रा यांतून कानशीने घासून घडवलेले हे पिस्तूल वरून कारखान्यातल्यासारखे दिसते, मात्र त्याची नळी आणि चाप यांचा नेम नसतो. ते ऐन वेळी अडकते किंवा वापरणाऱ्याच्याच हातात फुटते. काडतूस घडवणे कारागिराला त्याहून अवघड असल्याने तो माल बहुधा अधिकृत साठ्यांतून गळून बाजारात येतो. पोलिसांच्या पत्रकात ‘एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे’ असे वाक्य वारंवार आढळते. पिस्तूल मिळते, गोळ्या मोजक्याच मिळतात.

परवान्याच्या रिव्हॉल्व्हरला लाखाच्या वर रक्कम लागते, तर कट्टा काही हजारांत पदरात पडतो. शहराभोवतीच्या जमिनींना सोन्याचा भाव आल्यावर टोळ्यांचे वैर वाढले आणि या मालाला गिऱ्हाईक मिळाले. त्यात टोळीतले लोक असतात, तसेच नुसती छाप पाडण्यासाठी, वाढदिवसाला मिरवण्यासाठी किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीत दाखवण्यासाठी घेणारी कोवळी पोरेही असतात. ‘कमी भावात मिळतोय, घेऊन ठेव’ एवढ्यावर सौदा होतो. चित्रफीत पसरली की खबर ठाण्यावर जाते, सापळा लागतो, अंगझडतीत कमरेला खोचलेले पिस्तूल सापडते आणि पंचनामा होतो.

याच हत्यारांनी गंभीर गुन्हेही झाले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, ती गावठी बनावटीच्या ७.६५ मिलिमीटर पिस्तुलातून झाडलेल्या गोळ्यांनी. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना विशेष न्यायालयाने मे २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली.

नवे निर्बंध

शस्त्र अधिनियमाच्या डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. बेकायदा शस्त्र बनवणे आणि विकणे यांसाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. परवान्याशिवाय साधे पिस्तूल बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षे कैद होती, ती दोन ते पाच वर्षे झाली. लग्नाच्या वरातीत किंवा जल्लोषात बेफिकिरीने गोळीबार करणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला.

शहरात कट्टे पकडत राहण्यापेक्षा उगमावरच घाव घालावा, या विचाराने पुणे पोलिसांच्या मोठ्या पथकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये उमर्टी गाठून भट्ट्या उद्ध्वस्त केल्या आणि अनेकांना ताब्यात घेतले. भट्ट्या साध्या अवजारांवर चालतात आणि कसब पिढीजात आहे, त्यामुळे अशा कारवाईचा परिणाम ती किती वेळा होते यावर अवलंबून राहतो. खरेदी करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ आहे. काही हजारांत हाती आलेले हे पिस्तूल नीट चालेल याची खात्री कुणी देत नाही, ते परत करता येत नाही, उघडपणे विकताही येत नाही, आणि जवळ सापडल्यास किमान दोन वर्षांची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे.